खोका जवळजवळ शाबूत, ग्रिल मोडलेली: भरपाई मागायची कोणाकडे?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"माझ्याकडे १९३०च्या दशकाच्या अखेरची एक अमेरिकी गाडी आहे. तिची पुढची ग्रिल डावी आणि उजवी अशा दोन भागांत येते. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव, वर क्रोम. तीन वर्षं शोधल्यावर परदेशात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका व्यावसायिकाकडे जोडी मिळाली. पैसे कार्डाने भरले. दोन खोके एकाच एअर वेबिलवर (विमानाने जाणाऱ्या मालासोबतचा वाहतुकीचा कागद) विमानाने, कुरिअरमार्फत आले. घेताना एका खोक्याचा कोपरा जरासा दबलेला दिसला, पण डिलिव्हरीवाला घाईत होता, मी त्याच्या फोनवर बोटाने सही केली. खोके उघडले ते चौथ्या दिवशी. डावा भाग ठणठणीत. उजव्याचं वरचं टोक मोडलेलं आणि बोल्टचा एक कान खोक्याच्या तळाशी वेगळा पडलेला. विक्रेता म्हणतो, 'मी नीट पाठवलं, कुरिअरशी बोला.' कुरिअरवाले म्हणतात, 'तुम्ही आमचे ग्राहक नाही, पाठवणाऱ्याने दावा करावा. शिवाय पॅकिंग अपुरं होतं, आणि भरपाई मिळालीच तर किलोच्या हिशेबाने.' भरीस भर म्हणजे ड्युटी कमी लागावी म्हणून विक्रेत्याने कस्टम्सच्या कागदावर खऱ्या किमतीच्या पाचव्या हिश्शाचा आकडा टाकला होता. त्याने मला आधी विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. वेगळा विमा काढलेला नाही. आज नववा दिवस. मी नक्की कोणाच्या मागे लागू?"

उत्तर:

तुमच्या पत्रातला 'नववा दिवस' वाचला आणि सदराची वाट न पाहता तुम्हाला त्याच संध्याकाळी दोन ओळींची मेल टाकली: "आजच्या आज कुरिअरला लेखी कळवा, बाकीचं नंतर बोलू." ती पोचल्याचं आणि तुम्ही कळवल्याचं तुमचं उत्तर आलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. आता निवांत बोलू. पण असा प्रसंग उद्या ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी, ती घाई कशासाठी होती हे आधी सांगतो.

विमानाने एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मालाला बहुतेक ठिकाणी १९९९चा माँट्रियल करार लागू होतो, अर्थात दोन्ही देश त्यात सहभागी असतील तर. बहुतेक देश आहेत. माल खराब झाला असेल तर ते लक्षात येताच, आणि फार तर माल हातात पडल्यापासून १४ दिवसांच्या आत, वाहतूकदाराला लेखी कळवायचं, असं हा करार सांगतो. हे १४ दिवस कॅलेंडरचे, सुट्ट्यांसकट. कळवलं नाही, तर वाहतूकदाराने लबाडी केली असल्याशिवाय त्याच्यावर दावाच चालत नाही. मग तुमची ग्रिल जगात एकच उरलेली का असेना. फोनवर तासभर भांडलात, चॅटवर पंधरा मेसेज टाकलेत आणि समोरच्याने 'बघतो' म्हटलं, याला 'कळवणं' समजून बसू नका. स्वच्छ शब्दांत, तारखेसह, नुकसान काय ते लिहून पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. प्रत्यक्ष खटल्याला दोन वर्षांची मुदत आहे, ती नंतरची गोष्ट.

हे गणित वाहनागणिक बदलतं, हेही ध्यानात असू द्या. युरोपात रस्त्याने ट्रकमधून आलेल्या मालाला १९५६चा सीएमआर करार लागतो. तिथे वरून न दिसणाऱ्या नुकसानीसाठी फक्त ७ दिवस, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळून. समुद्रमार्गे आलेल्या मालाला हेग-व्हिस्बी नियमांत ३ दिवस. टपालखात्याने आलेलं पार्सल तर माँट्रियल कराराच्या नेहमीच्या चौकटीबाहेरच असतं, आणि तिथे चौकशी सहसा पाठवणाऱ्याने करायची असते. म्हणून खोका पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न 'आत काय मोडलंय' हा नसून 'हा आला कशाने' हा असतो.

तुम्ही काय लिहिलंत ते मला कळवलं नाहीत, म्हणून मी काय लिहिलं असतं ते देतो. एवढं पुरतं:

"अमुक क्रमांकाच्या एअर वेबिलवरील दोन नग मला अमुक तारखेला मिळाले. त्यांपैकी एका नगातील ग्रिलचा उजवा भाग वाहतुकीत मोडलेला आहे: वरचं टोक तुटलेलं, एक जोडकान सुटलेला. खोक्याचा त्याच बाजूचा कोपरा दबलेला आहे. दोन्ही नग मिळून एक जोडी असल्यामुळे दुसऱ्या नगाच्या किमतीवरही परिणाम झाला आहे. ही लेखी तक्रार समजावी. खोका, पॅकिंग आणि वस्तू तपासणीसाठी जशीच्या तशी ठेवली आहे. तपासणी कधी करणार ते लेखी कळवावं. रकमेचा तपशील मागाहून पाठवत आहे."

यात राग नाही, तीन वर्षांच्या शोधाची कहाणी नाही. ती सांगावीशी वाटणारच, पण ऐकणाऱ्याच्या फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नसतो. तुमच्या पत्रात 'त्याच बाजूचा कोपरा' गेला नसेल किंवा जोडीचं वाक्य राहून गेलं असेल, तर १४ दिवस उलटायच्या आत पुरवणी पत्र धाडा. जोडीच्या त्या वाक्याला पैशात किंमत आहे, त्याकडे येतोच.

'तुम्ही आमचे ग्राहक नाही' हे कुरिअरचं वाक्य मला पाठ झालंय. त्यांच्या फॉर्ममध्ये दावेदार म्हणून फक्त पाठवणाऱ्याची जागा असेल, तर ती त्यांची अंतर्गत सोय. माँट्रियल करारात पाठवणारा आणि माल घेणारा, दोघांनाही आपापल्या नावाने हक्क बजावता येतो. तेव्हा तुम्ही दावा करा, आणि विक्रेत्यालाही त्याच्या खात्यातून दावा नोंदवायला लावा. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळणार नाहीत, पण एक दार बंद झालं तर दुसरं उघडं राहतं. 'विमानात काही झालं नाही, शेवटच्या व्हॅनमध्ये झालं असेल' असंही ऐकायला मिळेल. त्यालाही उत्तर आहे: विमानप्रवासाच्या करारापोटी माल पोचवताना रस्त्यावरचा जो तुकडा येतो, तिथलं नुकसान उलट सिद्ध होईपर्यंत विमानप्रवासातलंच धरलं जातं. सिद्ध करायचं ओझं त्यांच्या डोक्यावर.

सहीचं म्हणाल तर ती चूक खरी, पण जीवघेणी नाही. तक्रार न करता माल घेतला तर तो चांगल्या स्थितीत मिळाला असं गृहीत धरलं जातं. गृहीतच धरलं जातं, पुरावा दिला की ते मोडतं. पुढच्या वेळी मात्र डिलिव्हरीवाल्याच्या देखत दबलेल्या कोपऱ्याचा फोटो काढा, त्यात तो किंवा त्याची गाडी चौकटीत आली तर उत्तम, आणि यंत्रावर शेरा लिहायची सोय असेल तर 'कोपरा दबलेला' एवढे दोन शब्द टाका. 'आतला माल तपासलेला नाही' हा सर्वांचा आवडता शेरा आहे, पण त्याने फारसं काही साधत नाही. दबलेला कोपरा हे जागेवरचं वर्णन आहे, ते नाकारता येत नाही.

आता पॅकिंग, म्हणजे खरी लढाई. मालातला अंगभूत दोष आणि दुसऱ्याने केलेलं सदोष पॅकिंग, या दोन्ही सबबी कराराने वाहतूकदाराला दिलेल्या आहेत, आणि तुमच्या बाबतीत तो दोन्ही वापरणार. पॅकिंगची वापरलीच आहे. अंगभूत दोषाची अजून वापरली नसेल, तर तुमची वस्तू काय आहे हे त्यांना अजून कळलेलं नाही एवढाच अर्थ.

कारण जस्ताचं जुनं ओतकाम. जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश राहिला की धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज आत शिरतो, वस्तू फुगते, तिच्यावर जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि एक दिवस ती हातातच भुगा होते. झॅमॅक नावाची मिश्रधातू १९२९ साली आली. तिच्या मुळाशी अतिशुद्ध जस्त होतं, आणि त्याने हा रोग बराच आटोक्यात आला. पण त्या दशकातली सगळीच ओतकामं तेवढ्या शुद्ध मालाची नव्हती. तेव्हा सर्व्हेअरला, म्हणजे नुकसानीची पाहणी करायला येणाऱ्याला, विषयाची जराशी जरी माहिती असेल, तर तो म्हणणार: "ही आधीच कुजलेली होती, साध्या हिसक्याने गेली."

याचं उत्तर तुमच्या हातात आहे, अक्षरशः. मोडलेलं टोक उजेडात धरा आणि भिंगातून मोडलेली बाजू पाहा. ताजी मोड फिकट राखाडी, दाणेदार असते, साखरेच्या ढेकळासारखी, तिरपी केली की बारीक लुकलुकते. जुना तडा मळकट, काळसर, कडेला पांढरट भुकटी धरलेला. कधी त्यात पॉलिशचा मेण शिरलेला दिसतो. आणि मोडीच्या कडेवरून क्रोम किंवा तांब्याचा थर आत वळून गेला असेल, तर तो तडा मुलामा चढवायच्या आधीचा, तिथे वाद घालू नका. अख्खा पृष्ठभाग लुकलुकता असेल तर तुमची बाजू भक्कम. अर्धा लुकलुकता आणि अर्धा काळा असेल तर? तर तिथे आधीपासून तडा होता आणि धक्क्याने तो पुरा झाला. अशा वेळी दावा पूर्ण किमतीचा करू नका. खरं सांगितलेला अर्धा दावा बहुतेक वेळा पदरात पडतो. फुगवून सांगितलेला पुरा दावा सर्व्हेअरच्या पहिल्या भिंगाखालीच संपतो. या मोडीचे फोटो जवळून, पट्टी शेजारी ठेवून, आजच काढा. जस्त उघड्यावर लवकर काळवंडतं, चार आठवड्यांनी ताजी मोडसुद्धा ताजी दिसणार नाही.

मग खोक्याचं काम. पॅकिंग ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने परत रचा, तुटलेला भाग होता तिथे ठेवा आणि प्रत्येक थराचा फोटो घ्या. दबलेल्या कोपऱ्याची लांबी-रुंदी-खोली मोजा. मोडलेलं टोक त्या कोपऱ्यापासून किती बोटांवर येतं? वस्तू आणि पुठ्ठा यांच्यात सर्वांत पातळ जागी किती अंतर राहतं? याच आकड्यांवर पॅकिंगचा वाद सुटतो. सगळीकडे चार बोटं जाडीचं दाट फोम आणि त्यातही एकच कोपरा चेपून आत आलेला, तर धक्का नेहमीच्या हाताळणीपलीकडचा होता असं म्हणता येतं. बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे दोन वेढे आणि उरलेल्या जागेत चुरगळलेला कागद एवढंच असेल, तर कुरिअर बरोबर आहे, आणि मग तुमची वाट विक्रेत्याकडे वळते. कोणाचं पॅकिंग? त्याचं. म्हणजे हे फोटो दोन्हीकडून तुमचेच. खोका चांगला निघाला तर कुरिअर फसतो, वाईट निघाला तर विक्रेता. म्हणून खोका हा तुमचा पहिला साक्षीदार.

हे मी एवढं ठासून सांगतोय, कारण एकदा मी स्वतः ते घालवलंय. एका जुन्या गाडीचं डॅशबोर्डवरचं घड्याळ मागवलं होतं. काच फुटलेली, काटा वाकलेला. संतापात खोका फाडला, चिरडला आणि टाकून दिला. घड्याळाचे मात्र तीस फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, तबकडीवरचं नाव वाचता येईल असे. सर्व्हेअरने पहिलाच प्रश्न विचारला, "बाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं कुठंय?" त्या प्रश्नापाशीच दावा संपला. ते घड्याळ अजून कपाटात आहे, आठ वाजून वीस मिनिटं दाखवत.

आता पैसे. किलोच्या हिशेबाबद्दल कुरिअर खरं बोलतोय. माँट्रियल करारात मालाची भरपाई किलोमागे ठराविक एसडीआरपर्यंतच मिळते. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या टोपलीवर त्याचं मोल ठरतं, आणि एक एसडीआर साधारण सव्वा ते दीड डॉलरच्या मध्ये असतो. ही मर्यादा २८ डिसेंबर २०१९पासून किलोला २२ एसडीआर होती, २८ डिसेंबर २०२४पासून २६ झाली. समजा तुमचा एकेक खोका सात किलोचा आहे. नुसता उजवा धरला तर ७ गुणिले २६, म्हणजे १८२ एसडीआर. पण करारातच म्हटलंय की एका नगाच्या नुकसानीमुळे त्याच एअर वेबिलवरच्या दुसऱ्या नगाच्या किमतीवर परिणाम होत असेल, तर दुसऱ्याचंही वजन धरायचं. डाव्या भागाची जोडी फुटली म्हणजे नेमकं हेच. ३६४ एसडीआर. जोडीचं ते वाक्य यासाठी होतं. दोन खोके दोन वेगळ्या वेबिलवर आले असते तर हे मागता आलं नसतं.

(भाडं घेताना खोक्याची लांबी-रुंदी-उंची मोजून आकारमानाचं वजन धरतात आणि भरपाई देताना काट्यावरचं. हलक्या, मोठ्या, पोकळ वस्तूंच्या वाट्याला हे दोन्हीकडून येतं, आणि ग्रिल म्हणजे निम्मी हवा. तक्रार करून उपयोग नाही, फक्त माहीत असावं.)

पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तुम्ही लिहिलंय की शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात डिलिव्हरीवाला खोका आपटताना दिसतो का ते पाहताय. जरूर पाहा, दोष कोणाचा हे ठरवायला ते चित्रण कामी येईल. पण 'मुद्दाम आपटलं, म्हणून मर्यादा उडाली' असं समजू नका. प्रवाशांच्या सामानाच्या बाबतीत तशी वाट आहे, मालाच्या बाबतीत या करारात नाही. मालाची मर्यादा ओलांडायचा नेहमीचा रस्ता: माल सोपवतानाच त्याची विशेष किंमत जाहीर करायची आणि लागेल तो जादा आकार भरायचा. एअर वेबिलवर दोन वेगळे रकाने असतात, वाहतुकीसाठी जाहीर किंमत आणि कस्टम्ससाठी जाहीर किंमत. पहिल्यात बहुतेकदा 'एनव्हीडी' लिहिलेलं असतं, म्हणजे कुठलीही किंमत जाहीर नाही. लोक कस्टम्सच्या रकान्यातला आकडा पाहून निर्धास्त होतात. त्या आकड्याने वाहतूकदाराची जबाबदारी वाढत नाही.

आणि तुमच्या बाबतीत तर तोच आकडा तुमच्याविरुद्ध साक्ष देणार आहे. या मुद्द्यावर मी तुमच्याशी गोड बोलणार नाही. विक्रेत्याने विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. आता खऱ्या किमतीचा दावा केलात की समोरचा विचारणार, "कागदावर तर पाचवा हिस्सा आहे, खोटं तेव्हा लिहिलं की आता?" कागदावरच्या आकड्याचा दावा केलात तर चार हिस्से स्वतःच सोडून देता. दोन्ही तोंडांनी बोलता येणार नाही. माझं मत विचाराल तर आधी कस्टम्सचं काम जाणणाऱ्या वकिलाला किंवा दलालाला सगळे कागद दाखवा, कमी दाखवलेली किंमत स्वतःहून दुरुस्त करून फरकाची ड्युटी भरता येते का आणि कशी ते विचारा, आणि मगच खऱ्या रकमेचा तपशील पाठवा. लेखी तक्रार तुम्ही पाठवलेलीच आहे आणि तिच्यात रकमेचा आकडा लागत नाही, म्हणून एवढी सवड मिळते. दुरुस्ती महाग पडेल म्हणून दावाच सोडून द्यावासा वाटला, तर तोही हिशेब करून पाहा. ३६४ एसडीआरसाठी एवढं करायचं का, हा प्रश्न रास्त आहे.

याच कारणासाठी मी तुमच्या जागी असतो तर कुरिअरच्या मागे सगळी ताकद लावली नसती. त्यांच्याकडून मिळणारं जास्तीत जास्त ठरलेलं आहे. पूर्ण किंमत परत मिळण्याची शक्यता आहे ती विक्रेत्याकडून. तो व्यावसायिक आहे. युरोपीय संघात २०११च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार आणि ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार, व्यावसायिकाने ग्राहकाला पाठवलेला माल ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंत जोखीम विकणाऱ्याची असते. वाहतूकदार तुम्ही स्वतः वेगळा ठरवला असेल तर मात्र नाही. विक्रेता कुठल्या देशातला हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या देशाचा नियम आणि त्याच्या बिलावरच्या अटी आधी वाचा. 'एक्स वर्क्स' असं लिहिलेलं असेल तर माल त्याने स्वतःच्या दारात उचलायला तयार ठेवला तिथूनच जोखीम तुमची, असा त्याचा अर्थ. असा शब्द घरगुती ग्राहकाला बांधतो का, हेही देशागणिक वेगळं.

त्याला लिहाल तेव्हा 'कुरिअरशी बोला' या वाक्यावर वाद घालू नका. त्याला एवढंच विचारा: पाठवण्याआधीचे फोटो आहेत का, पॅकिंग करतानाचे आहेत का, त्याचं स्वतःचं मालवाहतुकीचं विमाकवच आहे का. जुन्या भागांचा धंदा करणारे बरेच जण वर्षभराची खुली पॉलिसी बाळगतात आणि गिऱ्हाईकाने विचारल्याशिवाय तिचं नाव काढत नाहीत. अशी पॉलिसी निघाली, तर कुरिअरने पुढे केलेल्या कुठल्याही 'पूर्ण आणि अंतिम' पावतीवर सही करू नका. भरपाईचे पैसे दिल्यावर ते कुरिअरकडून वसूल करायचा हक्क विमा कंपनीला असतो. तो तुम्ही परस्पर सोडून दिलात तर ती तुम्हालाही हात झटकून दाखवील.

विक्रेता बधला नाही तर कार्ड. मोडका माल मिळाल्याबद्दल कार्ड देणाऱ्या बँकेकडे रक्कम परत मागता येते, आणि बऱ्याच कार्डांवर त्याची मुदत साधारण १२० दिवसांची असते. बँकेला भावना कळत नाहीत, क्रम कळतो: मागणी केली, त्याने नकार दिला, हा त्याचा नकार. म्हणून फोन नको, सगळं लेखी. बँक माल परत करायला तयार आहात का असंही विचारील. डावा भाग ठेवून उजव्याचे पैसे हवेत, की जोडी परत करायची, हे तिथे जाण्याआधी मनाशी ठरवा.

किंमत सिद्ध करणं ही अशा दुर्मीळ वस्तूंची वेगळीच गंमत. बाजारभाव नाही, कारण बाजारच नाही. तुम्ही भरलेल्या रकमेची पावती हा पहिला पुरावा. त्याला जोड म्हणून त्याच ग्रिलच्या गेल्या काही वर्षांतल्या लिलावांचे निकाल, तारखेसकट जुन्या जाहिराती, आणि त्या मॉडेलच्या मालकसंघात सुट्या भागांचं पाहणाऱ्या जाणकाराचं सहीनिशी पत्र. पत्रात 'अमूल्य' हा शब्द येऊ देऊ नका. ज्याचं मूल्य नाही त्याची भरपाई कशी काढणार? त्यापेक्षा 'चांगल्या स्थितीतली जोडी गेल्या पाच वर्षांत माझ्या पाहण्यात तीनदा विकायला आली' असं एखादं कोरडं वाक्य फार वजनदार. शोधात गेलेली वर्षं, वर्कशॉपमध्ये अडकून पडलेली गाडी, हुकलेली रॅली, यांचे पैसे सहसा मिळत नाहीत.

समोरचा म्हणेल, नवी नक्कल मिळते की. मिळत असेल तर कशाची, फायबरची की धातूची, आणि तुमच्या गाडीच्या मापाची का, ते तपासून ठेवा. किंवा म्हणेल, दुरुस्त करून घ्या. हे अगदीच खोटं नाही, पण त्यात काय काय येतं ते त्याला माहीत नसतं. ही मिश्रधातू ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते, नेहमीच्या वेल्डिंगची ज्योत लावली तर टोकाचा थेंब होऊन खाली पडेल. आधी मुलामा उतरवायचा, कमी तापमानाचं डाग-काम करायचं, घासायचं, मग तांबं, निकेल आणि क्रोम. आणि फक्त उजव्याला नवं क्रोम दिलं तर जुना डावा शेजारी फिका दिसतो, म्हणून दोन्ही. असं काम करणाऱ्याकडून टप्प्याटप्प्याचा खर्च लिहून घ्या, दोन्ही भागांचा. दुरुस्तीचा हा आकडा खरेदीच्या किमतीजवळ गेला, तर पूर्ण भरपाईची तुमची मागणी आपोआप वाजवी ठरते.

आणखी एक, जे हौशी लोकांच्या लक्षातच येत नाही. वस्तूची पूर्ण किंमत मिळाली की मोडकी वस्तू पैसे देणाऱ्याची होते. भंगारात जाईल, नाहीतर कुठल्याशा लिलावात. तुमच्यासाठी मात्र ते दोन तुकडे सोनं आहेत. साचा काढायला मूळ नग लागतो, मग तो मोडका का असेना. विक्रेता असो की विमा कंपनी, रकमेचं बोलणं सुरू होतानाच सांगा की मोडका भाग तुम्हाला ठेवायचा आहे आणि त्याचं भंगारमूल्य वजा करायला हरकत नाही. भंगारमूल्य त्यांच्या लेखी जस्ताच्या किलोच्या भावाचं. किलोचा हिशेब इथे प्रथमच तुमच्या फायद्याचा.

तोवर तो सुटलेला कान वेगळ्या कोरड्या पिशवीत ठेवा, टोक दुसऱ्या पिशवीत, दोन्हींवर तारीख घाला. चिकटपट्टी नको, गोंद नको, पुसायचंही नाही. आणि नीट बसतो का ते पाहायला तुकडा पुन्हा जागेवर लावून बघायचा मोह होईल. तो आवरा, कारण एकदा लावून फिरवला की मोडीवरचे दाणे घासले जातात, आणि सर्व्हेअर भिंग काढील तेव्हा तिथे लुकलुकायला काही उरणार नाही.